निर्लेखन

मराठीत तपासण्यासाठी जे शब्द आहेत, त्यांतले बरेचसे सराफाच्या पेढीवरून आलेले आहेत. कसोटी म्हणजे सोने घासून पाहण्याचा काळा दगड. पारखणे म्हणजे नाणे खरे की खोटे ते ठरवणे. कस लागणे, हिणकस निघणे, बावनकशी असणे ही सगळी धातूच्या व्यवहाराची भाषा आहे, आणि आपल्या समीक्षेने ती इतक्या सहजपणे उचलली की 'काळाच्या कसोटीला उतरलेली कलाकृती' असे लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर दगड येतही नाही. ह्या रूपकातली एक गोष्ट मात्र आपण बहुधा विसरतो. कसोटीवर सोने घासले की सोन्याचा थोडासा अंश दगडावर राहतो. तपासणी झाली म्हणजे तपासलेल्या वस्तूतले काहीतरी खर्ची पडले. दुसरे असे की दगड फक्त सोन्याचेच उत्तर देतो. त्याच्यावर मोती घासून काही कळत नाही.

गेल्या वर्षी मला एका वेगळ्या प्रकारची कसोटी जवळून पाहायला मिळाली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना तिच्यात रस वाटेल असे मला वाटते, म्हणून हा लेख.

आमच्या महाविद्यालयातला इलेक्ट्रॉनिक्स विभाग बंद करण्याचे ठरले. सलग काही वर्षे प्रवेश नव्हते, एक शिक्षक निवृत्त झाले होते आणि दुसरे होण्याच्या बेतात होते. विभाग बंद व्हायचा म्हणजे त्याचे डेडस्टॉक रजिस्टर मिटवायचे; त्यासाठी समिती नेमायची. शासकीय मराठीत ह्या कामाला 'निर्लेखन' म्हणतात. जे लिहिलेले आहे ते काढून टाकणे. समितीत एक सदस्य विभागाबाहेरचा असावा असा आमच्याकडे प्रघात आहे आणि त्या न्यायाने मराठीच्या प्राध्यापिकेची वर्णी लागली. दुसरे सदस्य विभागाचे उरलेले एकमेव सर, तिसरे कार्यालयीन अधीक्षक.

काम सोपे दिसत होते. ऑसिलोस्कोप इतके, त्यांतले बंद इतके. वीजपुरवठ्याच्या पेट्या इतक्या. तिसऱ्या दिवशी कपाटाच्या तळातून पत्र्याचे तीन डबे निघाले. रजिस्टरात त्यांची नोंद 'आयसी, विविध' एवढीच होती. आत थर्माकोलच्या तुकड्यांना चांदीचा कागद गुंडाळलेला आणि त्यात शेकडो चिपा पाय रोवून बसलेल्या. काळ्या, आयताकृती, दोन्ही बाजूंना चौदा, सोळा, चोवीस, चाळीस पाय. काहींच्या पाठीवरची अक्षरे पुसट, काहींचे पाय काळवंडलेले. अधीक्षक म्हणाले, "सर, एकत्र वजन करू आणि 'निरुपयोगी' लिहू." सर म्हणाले, "तपासल्याशिवाय निरुपयोगी कसं लिहायचं?" अधीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, तपासू या. त्यामागे तत्त्वनिष्ठा किती आणि त्या डब्यांविषयीचे कुतूहल किती, हे मला सांगता येणार नाही.

*

तपासणीचे यंत्र सरांनी स्वतः बनवलेले होते. छिद्रांची एक हिरवी पाटी, तिच्यावर तपकिट्टीएवढा अर्डुइनो नॅनो बोर्ड, एक दांडीचे सॉकेट आणि दोन दिवे, एक हिरवा, एक लाल. दांडी वर केली की सॉकेटची पकड सुटते. चिप ठेवायची, दांडी खाली करायची, की सगळे पाय एकदम धरले जातात. चिपेच्या एका टोकाला अर्धवर्तुळाकार खाच असते, ती ठरलेल्या दिशेला यायला हवी. एवढे भान ठेवले की माझ्यासारख्या माणसालाही ते चालवता येते. अर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्हरेआ गावातला; अभियंते नसलेल्यांना, विशेषतः डिझाइनच्या विद्यार्थ्यांना, वापरता यावे म्हणूनच ते घडवले गेले. जगभरचे हौशी लोक त्याच्यावर अशी परीक्षायंत्रे बनवतात, आपले आराखडे आणि प्रोग्रॅम इतरांना फुकट देतात. सरांनी तसाच एक आराखडा घेऊन, तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून, दिवाळीच्या सुट्टीत हे जुळवले होते.

आधी साध्या चिपा तपासल्या. ७४०० ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची १९६० च्या दशकातली चिप. तिच्यात चार 'नँड' द्वारे असतात. प्रत्येक द्वाराला दोन प्रश्न विचारायचे, त्यांची चारच संभाव्य जोड्या आणि प्रत्येकीचे उत्तर ठरलेले. दोन्ही 'होय' असतील तरच 'नाही', एरवी 'होय'. त्या तक्त्याला सत्यसारणी म्हणतात. चार द्वारे, प्रत्येकी चार प्रश्न, आणि परीक्षा संपली. हिच्याबद्दल आणखी विचारण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. इतकी निःशेष परीक्षा मी आयुष्यात प्रथमच पाहिली. चाळीस वर्षांपूर्वीच्या ह्या चिपांपैकी बहुतेक सगळ्या, पाय खोडरबराने घासल्यावर, हिरव्या दिव्याने उत्तीर्ण झाल्या.

मग स्मृतीच्या चिपा आल्या, आणि तेथून प्रकरण अवघड झाले.

*

४१६४ ह्या चिपेत ६५,५३६ खोल्या असतात, दोनशे छप्पन्न ओळी आणि दोनशे छप्पन्न स्तंभ अशा मांडलेल्या. प्रत्येक खोलीत एकच गोष्ट राहते: विद्युतभार आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड ह्यांची ही कल्पना, १९६८ चे पेटंट. आपल्या संगणकांतली आणि फोनमधली मुख्य स्मृती आजही मूलतः त्याच कल्पनेवर चालते. डेनार्ड २०२४ साली वारले.

ह्या कल्पनेतला मनोज्ञ भाग असा की ती खोली गळकी असते. भार ठेवला की तो लगेच झिरपू लागतो. म्हणून दर दोन ते चार मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदात काहीशे वेळा, प्रत्येक ओळ वाचून पुन्हा लिहावी लागते. हे थांबले की चिप सगळे विसरते. आणि वाचणे हेही निरुपद्रवी नाही. खोलीतला भार इतका थोडा असतो की तो पाहण्यासाठी बाहेर काढावाच लागतो; वाचले की खोली रिकामी होते. वाचणारे परिपथ आधी ठरवतात की हा 'एक' होता की 'शून्य', आणि मग आपल्या निर्णयाप्रमाणे तो पूर्ण ताकदीने परत लिहितात.

सर हे फळ्यावर काढून सांगत होते आणि मला हस्तलिखितांची परंपरा दिसत होती. पोथी जीर्ण होते, म्हणून कोणीतरी नवी प्रत करतो. प्रत करणारा आधी वाचतो, पुसट अक्षर काय असावे ते ठरवतो, आणि मग ताज्या शाईने ठळक लिहितो. त्याचा निर्णय बरोबर असेल तर ग्रंथ आणखी शंभर वर्षे जगतो. निर्णय चुकला तर चूकही तितक्याच ठळकपणे जगते. नव्या प्रतीत तिच्या पुसटपणाची खूण उरत नाही. चिपेतही नेमके हेच होते. झिरपून अर्धा उरलेला भार 'शून्य' म्हणून वाचला गेला, तर पूर्ण, निःशंक शून्य परत लिहिला जातो. आपण ज्याला परंपरेचे सातत्य म्हणतो ते अशा असंख्य वाचन-लेखनांचे मिळून झालेले असते, आणि त्यातला प्रत्येक टप्पा हा निर्णय असतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती ह्याच अडचणीतून. १९१९ मध्ये भांडारकर संस्थेने हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी व्हायला १९६६ उजाडले, तेही ह्याच अडचणीमुळे. प्रती पुष्कळ होत्या. त्यांतली कोणती कोठे चुकली हे ठरवणे हेच काम होते.

*

आता प्रश्न असा की स्मृतीची परीक्षा घ्यायची कशी.

सहज सुचणारा मार्ग म्हणजे सगळीकडे शून्य लिहावे आणि सगळीकडून शून्य परत येते का ते पाहावे. मग सगळीकडे एक लिहून तेच करावे. सर म्हणाले, "ह्या परीक्षेत ठार बिघडलेली चिपसुद्धा पास होऊ शकते, मॅडम." समजा, पत्ता ओळखणारा भागच बिघडला आहे आणि कुठलाही पत्ता दिला तरी चिप त्याच एका खोलीचे दार उघडते. पासष्ट हजार वेळा त्या एकाच खोलीत शून्य लिहिले जाईल आणि पासष्ट हजार वेळा तेथूनच शून्य परत येईल. हिरवा दिवा लागेल. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर अपेक्षित असेल तर एकच उत्तर पाठ असलेला विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण घेतो.

हे ऐकताना मराठीच्या कोणत्याही शिक्षकाला काय आठवेल, ते सांगायला नको. 'कवितेतील आशयसौंदर्य स्पष्ट करा' असा प्रश्न कोणत्याही कवितेवर विचारावा. मार्गदर्शकातले एकच उत्तर, कवीचे नाव बदलून, सर्वत्र चालते. निसर्गप्रतिमांचा समर्पक वापर, अर्थगर्भ शब्दकळा, मनाला भिडणारा शेवट. आपण पासष्ट हजार पत्ते देतो आणि एकाच खोलीतून उत्तर येत राहते. दोष नेहमी त्या खोलीचा असतोच असे नाही; आपण सर्वत्र शून्यच विचारलेले असते.

ह्यावरचा उपाय चाचणीशास्त्राने शोधला आहे. एकदा शून्य-एक-शून्य-एक असा बुद्धिबळाच्या पटासारखा आकृतिबंध लिहायचा, मग त्याच्या उलट. त्याहून बरा उपाय म्हणजे 'मार्च' नावाची चाचणी. येथे मार्च म्हणजे संचलन. सगळीकडे शून्य भरायचे. मग पहिल्या खोलीपासून शेवटच्यापर्यंत चालत जायचे. प्रत्येक खोलीत आधी शून्य आहे ना ते वाचायचे आणि तेथे एक लिहून पुढे जायचे. मग शेवटाकडून सुरुवातीकडे उलटे चालत यायचे. एक आहे ना ते वाचायचे, शून्य लिहायचे. दोन पत्ते एकाच खोलीत जात असतील तर दुसऱ्या पत्त्यावर पोचताना तेथे आधीच बदल झालेला सापडतो. एका खोलीत लिहिल्याने शेजारच्या खोलीतले बिघडत असेल तर तेही सापडते. काही बिघाड जाताना दिसत नाहीत, येताना दिसतात. म्हणून दोन्ही दिशांनी चालायचे.

मी सरांना म्हटले, हे आमच्याकडे फार जुने आहे. वेदपाठाच्या जटा आणि घन ह्या पद्धतींत शब्द सरळ आणि उलट म्हटले जातात: एक-दोन, दोन-एक, एक-दोन, घनपाठात पुढे एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. उलट्या क्रमाला अर्थ नाही. तो अर्थासाठी नाहीच. एखादा शब्द गळला, बदलला किंवा शेजाऱ्यात मिसळला तर उलट येताना अडखळायला व्हावे, एवढ्यासाठी तो आहे. सरांनी वहीत ते लिहून घेतले. तीस वर्षे एका इमारतीत काम करूनही आमच्या दोन विभागांत झालेली बहुधा ती पहिलीच देवघेव.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. परीक्षा घेणाऱ्या अर्डुइनोची स्वतःची कामाची स्मृती फक्त दोन किलोबाइट आहे. ज्या चिपेची तो परीक्षा घेतो तिची आठ. म्हणजे परीक्षकाची धारणाशक्ती परीक्षार्थीच्या चौथा हिस्सा. तिच्यात काय लिहिले ते लक्षात ठेवणे त्याला शक्यच नाही. त्याला फक्त नियम ठाऊक असतो: अमुक पत्त्यावर अमुकच असायला हवे. शार्दूलविक्रीडिताची एखादी ओळ आपण कधीच वाचलेली नसते, तरी एकोणीस अक्षरांतले एक गळले की कान अडखळतो. म स ज स त त ग एवढे पाठ असले म्हणजे झाले. वृत्त ही स्मृतीच्या मदतीला आलेली सोय आहे हे आपण शिकवतो. ती तपासणीचीही सोय आहे, हे मला ह्या दोन किलोबाइटच्या परीक्षकाने दाखवून दिले.

*

ह्या यंत्राचे मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटले ते त्याच्या मालकाचे त्याच्याविषयीचे बोलणे. हिरवा दिवा लागला की सर 'चांगली आहे' असे म्हणत नसत. 'ह्या परीक्षेत पास आहे' असे म्हणत.

चिपेच्या पाठीवर शेवटी '१५' असे असेल तर तिने पत्ता दिल्यापासून दीडशे नॅनोसेकंदांत उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. अर्डुइनोची एकेक पाऊल टाकण्याचीच गती इतकी संथ की चिप वेळेत बोलते की रेंगाळते, हे त्याला कळत नाही. शिवाय खोलीत पंखा चालू असताना उत्तीर्ण झालेली चिप बंद पेटीत तापल्यावर विसरू लागते, कारण उष्णतेने गळती वाढते. आणि काही चुका चिपेच्या नसतातच. १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वुड्स ह्या संशोधकांनी दाखवले की चिपेच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेले युरेनियम आणि थोरियम अल्फा कण सोडते, आणि असा एखादा कण खोलीवर आदळला की एकाचा शून्य होऊ शकतो. चिपेत काही बिघडलेले नसते. पुन्हा लिहिले की ती बरोबर चालते. एका वाचनावरून तिला नापास करणे अन्यायाचे होईल.

डब्यात ४११६ जातीच्याही काही चिपा होत्या. दिसायला अगदी ४१६४ सारख्या, सोळाच पाय. पण त्या थोरल्या पिढीतल्या. त्यांना अधिक बारा, अधिक पाच आणि उणे पाच असे तीन दाब लागतात, आणि ते वेगळ्याच पायांवर. सरांच्या यंत्रात एकच दाब होता, पाचाचा. त्यात ४११६ बसवली तर ती नापासच ठरणार. आणि उणे पाच नसताना दुसरे दाब मिळाले तर अशी चिप कायमची जायबंदीही होऊ शकते. मी सहज हात पुढे केला तेव्हा सरांनी डबी बाजूला घेतली. म्हणाले, "तिची ही परीक्षा नाही."

पाठीवरच्या अक्षरांवर तरी विसंबावे, तर तेही नाही. '८४२३' म्हणजे १९८४ सालचा तेविसावा आठवडा, अशी तारीख चिपेवर छापलेली असते. पोथीच्या अखेरीस लेखनकाल देतात तशी. पण बाजारात जुन्या चिपांची पाठ घासून, तिला काळा लेप देऊन, नवे नाव आणि नवी तारीख छापण्याचा उद्योग चालतो. घासलेल्या पाठीवरची खाच उथळ होते, कडा सपाट होतात, अक्षरे स्पिरिटने पुसली जातात. मुद्रा जुनी आणि अक्षरवळण नवे असले की इतिहाससंशोधकाला जसा वास येतो, तसा येथे सरांना येत असे. आमच्या डब्यात अशा दोनच निघाल्या. पुष्पिका खोटी, पण आतली चिप मात्र चालू.

*

लाल दिव्याच्या चिपांतही दोन प्रकार निघाले. नापास झाल्यावर कोणत्या पत्त्यावर झाली ते यंत्र सांगत असे. काहींच्या चुका सर्वत्र विखुरलेल्या होत्या. तीन चिपा मात्र अशा की निम्म्या पत्त्यांपर्यंत एकही चूक नाही आणि पुढे सगळा अंधार. मी त्या टाकायच्या ढिगात सरकवू लागले तेव्हा सरांनी सिंक्लेअरची गोष्ट सांगितली.

१९८२ मध्ये ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती संगणक निघाला. कमी किंमत हे त्याचे सगळ्यांत मोठे बलस्थान. त्याच्या ४८ किलोबाइटच्या नमुन्यात वरच्या ३२ किलोबाइटसाठी ज्या चिपा वापरल्या, त्या मुळात ६४ किलोबिटच्या पण अर्ध्या खराब निघालेल्या होत्या. कारखान्यातून नापास होऊन त्या स्वस्तात विकल्या जात. कोणत्या चिपेचा कोणता अर्धा भाग चांगला हे पाठीवरच्या अक्षरांवरून कळे. एका यंत्रात आठही चिपा एकाच बाजूने चांगल्या घालायच्या आणि बोर्डावरची एक तार त्याप्रमाणे जोडायची, एवढीच युक्ती. त्याच्या पुढच्या स्पेक्ट्रम प्लस ह्या संगणकाची भारतीय आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' म्हणून १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने काढली होती. ब्रिटनमधल्या एका पिढीने अर्ध्या नापास चिपांवर प्रोग्रॅमिंग शिकून घेतले आणि त्यांच्या संगणकात काही उणे आहे असे त्यांना कधी जाणवलेही नाही.

आमच्या रजिस्टरात मात्र 'अर्धी चांगली' असा रकाना नव्हता.

*

शेवटी खिडकीच्या चिपा उरल्या. ह्यांना इप्रॉम म्हणतात. पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असते, तीतून अतिनील प्रकाश पाडला की आतले सगळे पुसले जाते. ह्या चिपांची परीक्षा पास-नापास अशी घेता येत नाही. त्यांच्यात कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलेले असते. ते वाचावेच लागते. त्यासाठी सरांनी अधिक जोडण्या असलेला थोरला बोर्ड आणला. बहुतेकांत ८०८५ च्या प्रात्यक्षिक संचांचे प्रोग्रॅम निघाले, म्हणजे मला अगम्य आकडे.

एका २७१६ वर कागदाची पट्टी चिकटवलेली होती: 'गॅदरिंग'. सरांना आठवले. १९९१ च्या सुमारास मुलांनी स्नेहसंमेलनासाठी सरकत्या अक्षरांची दिव्यांची पाटी केली होती. आकड्यांचे शून्य-एक करून आम्ही ते ओळींत मांडले, एकाच्या जागी ठिपका आणि शून्याच्या जागी रिकामे. पडद्यावर शिरोरेघ उमटली. 'सु', मग 'स्वा', मग 'ग'. तेव्हा संगणकावर देवनागरी मिळणे दुरापास्त होते. मुलांनी चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्यांनी भरून, ते आकड्यांत बदलून, हाताने चिपेत घातले होते. जोडाक्षर दोन ओळींच्या उंचीत बसवताना कोणाची तरी झालेली ओढाताण स्पष्ट दिसत होती.

अक्षरांभोवती काही भलते ठिपकेही होते. सरांनी खुलासा केला. ह्या चिपेत लिहिणे म्हणजे एकाचा शून्य करणे. वर्षानुवर्षांनी भार झिरपला की शून्याचा पुन्हा एक होतो. म्हणजे ही चिप विसरते तेव्हा काही गळत नाही. रिकाम्या जागी नवे ठिपके उगवतात. क्षेपकांचा मी आजवर केलेला विचार नेहमी कोणातरी माणसाच्या हेतूशी जोडलेला होता: कोणी तरी, कशासाठी तरी घातले. नुसत्या झिजण्यानेही भर पडू शकते, हे मला नवे होते. तरीही 'सुस्वागतम्' वाचता येत होते. एवढ्या ठिपक्यांनी शब्द बुडत नाही.

*

अहवाल लिहायची वेळ आली. छापील नमुन्यात स्थितीचे तीन पर्याय होते: वापरण्यायोग्य, दुरुस्तीयोग्य, निरुपयोगी. अधीक्षकांचे म्हणणे सरळ होते आणि ते चुकीचेही नव्हते. "मॅडम, पास झाल्या हे मान्य. पण ह्या चिपा बसतील असं एकही मशीन आपल्याकडे नाही, आणि विभाग तर बंदच होतोय. मग वापरण्यायोग्य म्हणजे कोणी वापरायच्या?"

हा प्रश्न मी पूर्वी ऐकला होता. आमच्या विभागात मंजूर जागा चार, भरलेल्या दोन. पदव्युत्तर वर्गात गेल्या वर्षी सात विद्यार्थी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा महाविद्यालयात पेढे वाटले गेले. त्या दर्जाच्या निकषांत दीड ते दोन हजार वर्षांची पुरातनता हा एक होता, आणि त्या परीक्षेत आपण उत्तीर्ण झालो ह्याचा मलाही आनंद झाला. पण ती एक परीक्षा झाली. पाठीवरची तारीख खरी आहे एवढे तिने सिद्ध झाले. दुसरी परीक्षा वर्गात दर तासाला असते, आणि तेथे विचारले जाते ते अधीक्षकांनी विचारले तेच: चालू आहे हे मान्य, पण बसणार कशात?

निरुपयोगी आणि नादुरुस्त ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नादुरुस्ती वस्तूत असते. निरुपयोग वस्तू आणि तिच्या भोवतालचे जग ह्यांच्या मध्ये कोठेतरी असतो, आणि त्यातला जगाचा वाटा नोंदवायला रजिस्टरात जागा नसते. म्हणून मी नमुन्याला पुरवणी जोडली. तीत पाच रकाने केले: चाचणीत उत्तीर्ण, अंशतः उत्तीर्ण, पत्त्यांसह, अनुत्तीर्ण, चाचणी करता आली नाही, कारणासह, वाचून नोंद घेतली. कोणती चाचणी, कोणत्या यंत्रावर, कोणत्या मर्यादांसह, हेही लिहिले. अधीक्षकांनी ते वाचून सही केली आणि म्हणाले, "एवढं लिहिल्यावर निर्लेखन कसलं, हे तर लेखनच झालं." ते थट्टेने म्हणाले असावेत.

निर्णय झाला तो असा. साध्या चिपा तालुक्यातल्या दुसऱ्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागाला हस्तांतरित झाल्या. तेथे सत्यसारणीचे प्रयोग अजून होतात. स्मृतीच्या उत्तीर्ण आणि अर्ध्या उत्तीर्ण चिपा जुने संगणक दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींना देण्याची शिफारस आम्ही केली. ती मंजूर व्हायची आहे. तोवर त्या मराठी विभागाच्या कपाटात हातपावतीवर आहेत, ४११६ ची डबी आणि 'गॅदरिंग'ची चिप ह्यांच्यासह. उरलेले भंगारात गेले. भंगारवाला जाणकार होता. काळ्या चिपा त्याने किलोवर घेतल्या. पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी झाकणाच्या पाच-सहा मृत चिपा मात्र त्याने वेगळ्या काढल्या, नखाने खरवडून पाहिल्या आणि त्यांचा भाव वेगळा सांगितला. त्यांच्यावरचे सोने खरे असते.

सर जूनमध्ये निवृत्त झाले. यंत्र त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले, सोबत एक कागद: खाच कोणत्या दिशेला, कोणत्या चिपा घालू नयेत, हिरव्या दिव्याचा अर्थ काय आणि काय नाही. प्रश्नपत्रिका काढायला बसते तेव्हा तो कागद मी समोर ठेवते. गेल्या सत्रात आशयसौंदर्याचा प्रश्न काढून त्याऐवजी न शिकवलेल्या दोन कविता दिल्या आणि एकीविषयी म्हणता येईल पण दुसरीविषयी म्हणता येणार नाही असे काय ते लिहा, असे विचारले. सातांपैकी चौघांना ते जमले. दोघांचे निम्मे जमले, आणि कोठपर्यंत जमले ते मी पानाच्या कडेला लिहून दिले. एका मुलीने कोरा कागद दिला. तिच्या नावापुढे मी अजून काही लिहिलेले नाही. तिला पुढच्या आठवड्यात तोंडी विचारणार आहे.